ह्यात कोण बुडतंय का?

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. आठवीची शाळा आमच्या गावापासून लांब होती, मुलीला रोज एकटीला कोण धाडणार, म्हणून ते तिथंच थांबलं. त्यात कुणाची दुष्टाई नव्हती, आळीतल्या सगळ्याच मुलींचं तसंच होतं. पण पुढं बोईसरला मी बरीच वर्षं लोकांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कोणती कादंबरी वाचा ते सांगत होते, असं म्हटलं की ऐकणारा जरा थांबून माझ्याकडं बघतो. तेव्हा मीसुद्धा स्वतःकडं तशीच बघायची.

लग्न होऊन बोईसरला आले ती ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. माहेर परभणीकडचं. यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात होते, तीन पाळ्यांत काम. आमची भाड्याची एक खोली. एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला सांगलीकडचं. नळाला पाणी आलं की बिहारची वहिनी भिंतीवर थाप मारायची, "भाभी, पानी!" मला हिंदी यायचं नाही, पण तेवढं पहिल्या आठवड्यात आलं. काळजी करण्याचा माझा स्वभाव जन्माचा. यांची पाळी सुटायची वेळ झाली आणि कंपनीची बस दिसली नाही की मी दारात. बस दिसली की जीव भांड्यात पडायचा, आणि भाकरी करपलेली असायची.

घरात बसून मी आणखीच काळज्या करते म्हणून घरमालकीणबाईंनी मला बाजाराजवळच्या वाचनालयात काम बघायला सांगितलं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्यांचं वाचनालय. झाडलोट करायची, पुस्तकं पुसायची, परत आलेली जागेवर लावायची. ते चालवायचे एक निवृत्त मुख्याध्यापक, किनाऱ्याकडच्या, केळी-नारळाच्या वाड्या असलेल्या कुटुंबातले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

"वाचता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं. पण हळू येतं."

"मग बरं आहे. भरभर वाचणारे पुस्तकं जागच्या जागी ठेवत नाहीत."

एवढीच माझी मुलाखत. त्या माणसाचे उपकार मी आजही मोजत बसत नाही, कारण ते मोजायचे कुठून हेच कळत नाही.

वाचनालयात लहान मुलांची पुस्तकं खिडकीखालच्या फळीवर होती, मोठ्यांची काचेच्या कपाटांत. आणि या दोहोंच्या मध्ये एक पत्र्याचं कपाट होतं. त्याचं दार गुडघा लावून ओढल्याशिवाय उघडायचं नाही. त्यावर गुरुजींनी 'कुमार' अशी पाटी लावली होती. त्यात वयात येणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या. वसतिगृहातल्या, शाळेतल्या भांडणांच्या, घर सोडून निघालेल्या मुलाच्या, आई आजारी पडलेल्या मुलीच्या. फार नव्हत्या. आणि त्यांना हातही फार लागत नव्हता. तेरा ते सोळा वयाचं पोरगं वाचनालयात आलं की त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसायचं. राजाराणी दिली तर त्याला अपमान वाटायचा. काचेच्या कपाटाकडं गेलं तर वर्तमानपत्र वाचत बसलेले काका घसा खाकरायचे. मग ते आपलं जुनी मासिकं चाळून निघून जायचं.

दुपारी वाचनालयात कुणी नसे. मी ते कपाट एका टोकाकडून वाचायला घेतलं. शाळा सुटली तेव्हा मी त्याच वयाची होते, त्यामुळे त्या पुस्तकांतलं मला सरळ कळायचं. काचेतल्या कादंबऱ्यांत माणसं फार वेळ खिडकीपाशी उभी राहायची. यात तसं नव्हतं. यात कुणीतरी काहीतरी करायला निघालेलं असायचं.

पुस्तक सुचवणं सुरू झालं ते शेजारच्या बिहारच्या मुलापासून. तो मराठी शाळेत आठवीला होता. एकदा वाचनालयात येऊन म्हणाला, "भाभी, ऐसी किताब दो जिसमें मास्टर हारता है."

तसं एक होतं. दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातले मित्र दारात. "आम्हाला पण मास्तर हरणारं."

"ते एकच आहे, आणि ते याच्याकडं आहे."

"मग हेडमास्तर हरणारं द्या."

गुरुजी आत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण ते हलत होतं, म्हणजे आत हसत होते.

हळूहळू मला एक गोष्ट समजली. काय आवडतं असं विचारलं की या वयाची मुलं 'काहीही' म्हणतात आणि पायाच्या अंगठ्याकडं बघतात. पण "कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंस, आणि कुठं सोडलंस?" असं विचारलं की तोंड सुटतं. वसाहतीतली एक मुलगी म्हणाली, "त्यातली आई सारखी उपदेश करत होती. आमच्या घरात आहे एक, पुस्तकात कशाला?" तिला मी आई मामाकडं गेलेली असते तसली कादंबरी दिली. ती तिनं पुरी केली.

एक दिवस गुरुजी म्हणाले, "कुमारांचं कपाट आजपासून तुमचं. कुणाला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा." मी हो म्हटलं आणि घरी येऊन यांच्याजवळ रडले. हे म्हणाले, "अगं, बढती मिळाली की रडतेस?" बढतीसाठी नव्हतेच रडत. चुकलं तर काय, म्हणून रडत होते.

किनाऱ्यावरच्या घिवली गावची एक मुलगी तेव्हा यायला लागली. नववीला होती. तिची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला यायची. रविवारी मुलगीही बरोबर यायची आणि बाजार उठेपर्यंत आमच्याकडं बसायची. आई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत यायची. पुढं नाही.

"या की आत, मावशी."

"नाय गो बाय. तुज्या बुकांना बोंबलाचा वास लागंल."

"मला काही नाही होत."

"तुला नाय. त्या चश्मेवाल्यांना होईल," ती काकांकडं मान उडवून मोठ्यानं म्हणायची, आणि पोरीला सांगायची, "बस गपगुमान. बुकं खाऊ नको, वाच."

मुलगी बोलायला धारदार. पुस्तक परत देताना शेरा मारल्याशिवाय द्यायची नाही. "ह्याच्यातली मुलगी खोटी हाय, ताई. एवढं बोलणं खाऊन कोणी गप बसतं का?" किंवा, "चांगला हाय. पण शेवटी सगळे एकदम चांगले कशे झाले?" असं वाचणारं दुसरं कुणी माझ्याकडं नव्हतं. तिच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं म्हणे, पण कुलपात. तिला पुस्तक मिळायचं ते आमच्याकडूनच.

कपाटात समुद्रावरची एक कादंबरी होती. दोन भाऊ होडीवर जातात, धाकटा पहिल्यांदाच. वादळात होडी बुडते, थोरला परत येत नाही, आणि पुढं धाकट्याचं मोठं होणं. मी ती श्वास धरून वाचली होती. माझ्या गावाला पावसाळ्यातला ओढा हेच मोठं पाणी. समुद्राकडच्या मुलीला समुद्राची कादंबरी, यात विचार करण्यासारखं काय होतं? तिच्या हातात दिली. म्हटलं, "ही तुझ्यासाठीच आहे बघ."

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्यांच्या घरी पुस्तक एकटीनं वाचायची पद्धतच नव्हती. संध्याकाळी घरातल्या बायका अंगणात सुकी करंदी निवडायला बसत, ती बारीक कोलंबी, तिच्यातला कचरा काढायचा असतो. आणि मुलगी मोठ्यानं वाचायची. आजी, आई, दोन काक्या ऐकायच्या. मी पुस्तक देत होते एका मुलीला, आणि ते जात होतं सगळ्या घरात. आणि त्या आठवड्यात तिचा बाप आणि मोठा भाऊ होडीवर होते. बाप तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमावर चालायची.

पुढच्या रविवारी तिची आई जिना चढून थेट आत आली. डोक्यावरची पाटीसुद्धा उतरवली नव्हती.

"पोरीचं नाव काढून टाक."

मी उभी राहिले. "काय झालं, मावशी?"

"काय झालं इचारतेस? घरची दोन मानसं दर्यात, आणि तू माज्या अंगणात होडी बुडवलीस!"

सगळी वर्तमानपत्रं खाली आली.

"मावशी, ते पुस्तकातलं…"

"पुस्तकातलं तर पुस्तकातलं. मोठ्यानं वाचलं ना? सासूबायनं ऐकलं ना? होडी बाहेर असली का आमच्या घरात ती गोष्ट तोंडातून काढत नाय. दिवससुद्धा बुडत नाय आमच्यात, मावळतो. आणि हिनं पानं भरून वाचलं! सासूबाय उठून घरात गेल्या, जेवल्या नाय."

गुरुजी पुढं आले. "अहो, बाईंना माहीत नव्हतं. त्या लांबच्या आहेत."

"त्या लांबच्या, गुरुजी. तुमी तर आमच्याकडचे. तुमाला कळायला पायजे होतं."

गुरुजींनी चष्मा काढला. "मी ते पुस्तक वाचलेलंच नाही," ते म्हणाले. खरं तेच बोलले.

"पुस्तक कुठं आहे?" मी विचारलं.

"घरात नाय ठेवला. वाडीतल्या मामींकडं ठेवलाय. त्यांचं कोणी दर्यात जात नाय. त्या बाजाराला येतील तवा देतील आणून." मग तिचा आवाज खाली आला. "होडी परवाच यायची होती. आली नाय अजून."

ती गेली. मुलगी पायरीवर उभी होती, ती माझ्याकडं न बघता आईच्या मागं उतरली.

गुरुजींनी नाव काढलं नाही. म्हणाले, "होडी येऊ द्या. मग काय म्हणतात ते बघू." पण होडी नाही आली तर काय, हे माझ्या डोक्यातून जाईना.

घरी मी काही खाल्लं नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं. "तू काय होडीला भोक पाडायला गेली होतीस का?"

"नाही. पण त्यांना तसं वाटतंय ना."

"नागपंचमीला तू चुलीवर तवा ठेवतेस का?"

"नाही."

"ठेवला तर नाग येऊन चावतो का?"

"नाही. पण ठेवणार नाही."

"मग झालं तर," हे म्हणाले आणि कूस बदलली. पाळीवर जायचं होतं. मी मात्र जागीच. माझी काळजी दोन ठिकाणी वाटली गेली होती. पाण्यावरची दोन माणसं, ज्यांना मी पाहिलंही नव्हतं, आणि ती मुलगी. होडी आली तरी तिचं पुस्तक आता बंद होणार होतं, आणि ते माझ्या हातून होणार होतं. शाळा बंद होते तेव्हा निदान सगळ्यांना दिसतं. पुस्तक बंद झालं तर ते तिच्या आणि माझ्याशिवाय कुणाला कळणारही नव्हतं.

सकाळी गुरुजींना सांगून घिवलीची एसटी धरली. ते म्हणाले, "जा. पण पिशवीत एकही पुस्तक नेऊ नका."

एसटीतून उतरले तशी वाळत्या बोंबलांची ओळ दिसली, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर टांगलेले, आणि त्यांच्यामागं पाणी. मला वाट कुणाला विचारायची तेही कळेना. तेवढ्यात एक बाई म्हणाली, "कोणाकडं?" मी तांडेलाचं घर सांगितलं. तिनं मला खालीवर पाहिलं. "बुकवाली काय तू? होडी आली ना सकाळच्या भरतीला. मशीन बिघडलं होतं. दातिवऱ्याच्या खाडीत थांबले होते."

मी तिथंच एका ओंडक्यावर बसले. ती म्हणाली, "काय गो, उठ. कोणी मेला नाय. बसतेस कशी अशी?"

तांडेल आणि त्याचा मुलगा घरात झोपले होते. अंगणात आजी बसली होती, अंगानं किरकोळ, हातात सुपडं.

"ही काय ती होडी बुडवणारी?" तिनं सुनेला विचारलं. "एवढीशी?"

काक्या हसल्या. मुलीची आई हसली नाही. तिनं चहा मात्र ठेवला.

मी म्हटलं, "आजी, मी समुद्राकडची नाही. मला ठाऊक नव्हतं."

"तुज्याकडं काय हाय?"

"कापूस. ज्वारी."

"मग कापूस रानात फुटलेला हाय, आणि कोणी तुज्या आयेच्या अंगणात बसून कापूस जळाल्याची गोष्ट सांगायला लागला. तर?"

माझ्या आईचा चेहरा माझ्यासमोर आला. "हाकलून देईल," मी म्हटलं.

"आमी तुला चहा देतोय," आजी म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. या वेळी मीही हसले. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मुलीचं नाव राहू द्या. तिच्यासारखं वाचणारं माझ्याकडं दुसरं कुणी नाही."

"नाय," आई म्हणाली. "एकदा झालं तेवढं पुरं."

मुलगी दाराच्या आत उभी होती. तिथूनच म्हणाली, "आजी, तो धाकटा घरी येतो का नाय, तेवढं तरी…"

"गप!" आई ओरडली.

आजीनं सुपडं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. "तुला ठाव हाय पुढं काय होतं ते?"

"आहे." मी सांगायला तोंड उघडलं, तसा तिनं हात वर केला.

"सांगू नको! गावातल्या बाकीच्या होड्या दर्यात हायत." आत कुणीतरी घोरत होतं. तिनं सुपडं परत उचललं. म्हणाली, "होड्या वर ओढल्या का आण तो बुक. पावसात. तवा वाचू."

"आणि तोवर?"

"तवर दुसरी दे. पण आदी सांगायचं. कोण बुडतंय का ते."

"आणि वादळ पण नको," आई म्हणाली. तिचा आवाज अजून कडकच होता, पण ती 'नाय' म्हणाली नव्हती.

"वादळ चालंल," आजी म्हणाली. "वादळ येतं, जातं. बुडायला नको."

"आणि बुक मी इचारून घेईन," आई म्हणाली. "पोर नाय. ही खोटं बोलंल."

"मी कधी खोटं बोलले?" मुलगी आतून म्हणाली.

"आत्ता बोललीस."

पुढच्या रविवारपासून ते सुरू झालं. आई वरच्या पायरीवर येऊन उभी राहायची आणि सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं विचारायची, "ह्यात कोण बुडतंय का?"

"नाही, मावशी."

"कोण हरवतंय?"

"एक कुत्रा हरवतो. सापडतो."

"कुठं सापडतो?"

"शाळेच्या मागं."

"मग दे."

चश्मेवाले काका आधी नाराज व्हायचे. मग तेच वर्तमानपत्र उघडण्याआधी एकमेकांना विचारायला लागले, "आज कोण बुडालंय का?" बाजारातल्या इतर कोळणींनाही ते कळलं. त्यांच्यातली एक तर पुस्तक न्यायचं नसलं तरी जिन्याखालून ओरडून विचारायची आणि पुढं जायची.

मला मात्र त्या प्रश्नाचा उपयोग झाला. तोपर्यंत मी फक्त वाचणाऱ्या मुलाकडं बघत होते. आता विचारायला लागले, घरी कुणाला वाचून दाखवतोस? तू वाचत असताना खोलीत कोण असतं? बोईसरच्या एका-एका खोलीत पाच-सहा माणसं, तिथं एकट्यानं वाचणं हे बोलण्यापुरतंच. एका मुलाच्या वडलांची बोटं यंत्रात गेली होती. त्याच्यासाठी काढलेलं कारखान्यावरचं पुस्तक मी परत आत ठेवलं. पण याचा अर्थ दुःखाची पुस्तकं लपवून ठेवायची असा मी घेतला असता तर तेही चुकलं असतं. वडील वारलेला एक मुलगा स्वतःहून आला आणि म्हणाला, "ताई, ज्याचे वडील मेलेत असा मुलगा आहे का कुठल्या पुस्तकात?" होता. दिला. त्यानं ते पुस्तक दोनदा मुदत वाढवून नेलं. परत देताना त्यानंच ते कपाटात जागेवर लावलं.

गुरुजी एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही असं निवडत राहिलात तर कपाटात काही उरायचं नाही." मी म्हटलं, "नाही गुरुजी, सगळी जातात. फक्त जरा पुढंमागं."

समुद्राची कादंबरी वाडीतल्या मामींनी आणून दिली होती. ती मी वेगळी काढून ठेवली होती, इतर कुणालाही देत नव्हते. पावसाळा लागला, घिवलीच्या होड्या वाळूवर ओढून घेतल्या गेल्या, वर झावळ्यांचं छप्पर चढलं. मग निरोप आला. मुलीची आई सुकी मासळी घेऊन बाजाराला आली होती. पायरीवरून तिनं या वेळी काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आन तो. आणि शेवटच्या दिवशी तू पण ये. सासूबायनं सांगितलंय."

आजीनं पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचायला लावलं होतं. मी गेले त्या रविवारी दुपारी बाहेर पाऊस होता, आणि पडवीत एवढ्या बायका होत्या की मला उंबऱ्यावर जागा मिळाली. शेजारपाजारच्याही आल्या होत्या. तांडेल भिंतीला टेकून जाळं विणत होता. पुस्तकाशी आपला काही संबंध नाही असं तोंड करून बसला होता. मुलगी मधोमध मांडी घालून वाचत होती. तिचा आवाज मी वाचनालयात कधी असा ऐकला नव्हता. घाई नाही, नाटक नाही. वादळाचं प्रकरण आलं तेव्हा ती थांबली आणि आजीकडं बघितलं. आजीनं हातानं 'पुढं' अशी खूण केली.

होडी बुडाली. थोरला परत वर आला नाही. धाकटा किनाऱ्याला लागला. आणि प्रकरण संपलं. पुढचं प्रकरण काही वर्षांनंतरचं होतं. मी दुपारी एकटी वाचताना ते पान सहज उलटलं होतं.

"थांब," आजी म्हणाली. "आयेला कोणी सांगितलं?"

मुलीनं मागंपुढं पानं चाळली. "लिवलं नाय."

"असं कसं नाय? कोणतरी गेलं असंल ना सांगायला?"

"धाकटाच गेला असंल," एक काकी म्हणाली.

"छे! तो कसा जाईल? त्याला कोण जायला देईल?"

"मग पोलिसपाटील."

"पाटील काय होडीवर होता?"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुलगी पुस्तक मिटून बोट आत घालून बसली. तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "तांडेल जातो."

सगळ्यांनी तिकडं बघितलं. त्यानं जाळ्यावरून नजर वर केली नव्हती.

"आणि काय सांगतो, बाबा?" मुलीनं विचारलं.

"काय सांगत नाय," तो म्हणाला. "जाऊन बसतो."

पावसाचा आवाज छपरावर चालू होता. त्या घरातून उठून तो कधी असा कुणाच्या दारी जाऊन बसला होता का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि बाकीच्यांना बहुतेक ठाऊकच होतं. आजीनं पदरानं डोळे पुसले, लपवले वगैरे नाहीत. मग म्हणाली, "वाच पुढं." आणि मुलगी शेवटपर्यंत वाचत गेली.

पुस्तक संपलं तेव्हा माझ्या एसटीची वेळ झाली होती. पुस्तक पिशवीत घातलं. मुलगी छत्री घेऊन मला सोडायला निघाली. कुंपणापर्यंत गेलो असू, तर मागून तिच्या आईची हाक आली. पडवीच्या कडेला उभी राहून ती पावसावर आवाज चढवून ओरडत होती.

"ए बाय! पुढच्या रविवारी अशी दोन ठेव बाजूला! होड्या वर हायत तवर काय ती बुडायची वाचून घेऊ!"

"दोन नाहीत, मावशी," मी ओरडले. "एकच आहे अजून."

"मग ती दे! आणि पोरीचं नाव मोठ्यांच्या कपाटात पण घाल. गुरुजींना सांग, मी बोलले."

मुलगी छत्रीच्या काडीशी खेळत खाली मान घालून हसत होती. एसटी आली. मी चढले आणि वाटभर विचार करत राहिले, काचेच्या कपाटातलं तिला आधी कोणतं द्यावं. तिथली निम्मी पुस्तकं मी अजून वाचलेलीच नव्हती.